खुर्चीचा उजवा हात

नणंद आली, चहा प्यायली आणि चपला घालता घालता म्हणाली, "बाबांना चांगलं भंगारात बसवलंयस गं!" तेवढं सूनबाईच्या जिव्हारी लागलं.

खुर्ची होतीच तशी. सासऱ्यांनी उभा जन्म पॉलिशच्या दुकानात लोकांची लाकडं चमकवली, स्वतःच्या खुर्चीला कधी फडकं लावलं नाही. उजव्या हाताच्या टोकाशी जुन्या पॉलिशचे पापुद्रे सुटले होते. ते नखानं खरवडत म्हातारा दिवसभर गप्प बसे. माणसांची नावं डोक्यातून गेली होती, चेहरेही ये-जा करत. पण बोट त्या पापुद्र्यांवर पडलं की आपण घरी आहोत, एवढं त्यांना पक्कं कळे.

"पुन्हा बाहेर भटकले तर वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं," नवऱ्यानं बजावलं होतं. सूनबाईला ते नको होतं. ते घरी राहण्यात तिचा फायदाही होता म्हणा: तिचं तेच गाऱ्हाणं रोज नव्यानं ऐकून रोज नव्यानं हळहळणारं दुसरं कोण होतं घरात?

तर सासरे दुपारी झोपल्यावर तिनं खुर्ची गॅलरीत ओढली. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या घासणीनं पापुद्रे काढले, बारीक स्टील वूलच्या बोळ्यानं मेण चोळलं, वर फडकं मारलं. खुर्ची अशी गुळगुळीत झाली की नणंदेचं तोंड बंद व्हावं.

म्हातारा उठून परत जागेवर ठेवलेल्या खुर्चीत बसला. बोटं टोकाशी गेली, घसरली, परत गेली. मग ते उठले.

"बराच वेळ बसलो तुमच्याकडे. निघतो आता."

"बाबा, अहो, मी सूनबाई! हे तुमचंच घर."

"तुम्ही फार अगत्य केलंत," ते अदबीनं म्हणाले आणि चपला शोधू लागले.

त्या 'तुम्ही'नं तिला पापुद्रे आठवले. तिनं टोकावर डिंक थापला, केस वाळवायच्या यंत्रानं वाळवला, नखानं उचकटला. सासऱ्यांनी हात लावून पाहिला.

"खराब झाली हो तुमची खुर्ची," एवढं बोलून ते पुन्हा दाराशी. कडी खडखडू लागली. नवरा यायची वेळ झाली होती. तिनं डिंकाच्या जागी मेण लावून पाहिलं, मेणाच्या जागी नेलपॉलिश. एक लावावं, दुसरं पुसावं. हाती काही उरेना. बरं, निघालेले पापुद्रे तिनंच मघाशी कचऱ्याच्या गाडीत टाकले होते.

शेवटी ती फतकल मारून बसली आणि रडत रडत घासणी घेऊन तो हात खसाखसा घासत सुटली.

कडी वाजायची थांबली.

"ए! आडवं घासतेस? लाकूड आहे का करपलेलं पातेलं?" म्हातारा तरातरा आला. "सरक. दे इकडे."

चपलांसकट ते जमिनीवर बसले. लाकडाच्या रेषेनं, लांब, सबुरीचे हात चालू झाले. खांदे सैल पडले. सूनबाई बघत राहिली.

"नवीन आहेस वाटतं दुकानात?"

"हो," ती म्हणाली.

"मालक काम अर्धं ठेवू देत नाहीत. मला उशीर होणार. एक कर, माझ्या घरी निरोप दे."

"कुणाला?"

"सूनबाईला. वाट बघत असेल. रोज काहीतरी सांगायचं असतं बिचारीला. मी गेलो नाही तर कुणाला सांगेल?"

जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली. खुर्चीचा हात आता घासून घासून पांढरा पडला होता, म्हाताऱ्याची बोटं मंदावत होती, नजर दाराकडे वळू लागली होती.

"देते निरोप," ती म्हणाली. आणि घरात लाकडाचं आणखी काय काय आहे ते डोळ्यांनीच मोजत, तिनं पायानं तिपाई पुढे ओढली.