भिंतीतला पाइप आणि पिराजीतात्या

सम्राटनं ग्राइंडर चालू केलेला, पातं पाइपला टेकणार, तेवढ्यात पिराजीतात्यांनी मधे हातच घातला. ऐंशी वर्षांचा माणूस!

थांबा, पहिल्यापासनं सांगते. आमच्या स्वयंपाकघराची भिंत फोडली ना, तर आतनं जुना लोखंडी पाइप निघाला. आमच्या एकाही नळाला जोडलेला नाही, पण हात लावला की गार. म्हणजे आत पाणी आहे. प्लंबर सम्राट म्हणाला, गंजलाय, कापून बूच मारू. पप्पांना चैन पडेना, म्हणून आजोबांच्या वेळचे प्लंबर पिराजीतात्या, त्यांना मी गाडीवरनं उचगावहून आणलं.

तात्यांनी पाइपवर नुसता तळहात ठेवला. "कापायचा न्हाय. मी नवा घालून देतो."

पप्पांनी विचारलं, जातो कुठं हा?

"ते सांगणार न्हाय. केरबाला शब्द दिलाय."

केरबा म्हणजे माझे आजोबा, जाऊन आठ वर्षं झाली. पप्पा भडकलेच. घर माझं, पाइप माझा आणि मलाच सांगणार नाही म्हणजे काय? सम्राटला म्हणाले, काप. तेव्हा तो हात मधे आला, आणि सम्राटनं झटकन ग्राइंडर बंद केला.

मला कुठला दम निघतोय. पाइप टाकीकडनंच येत असणार म्हणून पळत गच्चीवर गेले, टाकीखालच्या कोपऱ्यात पाणी बंद करायचा एक गंजका कॉक होता, तो लटकून लटकून बंद केला आणि पाणी कुणाचं थांबतंय ते खाली बघत उभी राहिले. शेजारच्या परसात शालूबाई भांडी घासत होत्या. त्यांच्या नळाची धार बारीक झाली, आणि थांबली.

शालूबाईंचा नळ, कळतंय का? त्यांचे मालक, म्हणजे नवरा, आणि आमचे आजोबा मधल्या भिंतीवरनं भांडले, तीस वर्षं झाली. मालक वारले, आजोबा गेले, अबोला तसाच.

मी खाली येते तर त्या आमच्या दारात, हाताला साबण तसाच. पाइप बघितला, तात्यांना बघितलं.

तात्यांनी मान खाली घातली. "मी काय बोललो न्हाय, वहिनी."

"ठावं हाय मला. केरबाआण्णा गेलं त्या दिवशी तुमच्यात टाकीची मोटर कोण लावली न्हाय. माझाबी नळ कोरडा पडला. तवाच कळलं."

मग हळूहळू सगळं निघालं. मालक गेल्यावर त्यांच्या नळाला पाणीच चढायचं नाही. कडेवर पोर घेऊन चौकातनं घागरी आणायच्या. आजोबा बघायचे, बोलायचे नाहीत. त्या चार दिवस आजऱ्याला माहेरी गेल्या, तेवढ्यात आजोबांनी तात्यांकडनं पाइप जोडून घेतला. शालूबाईंना वाटलं, महापालिकेनं केलं.

पप्पा म्हणाले, "मग काकी, आठ वर्षं बोलला का न्हाईसा?"

"त्यांनी सांगितलं न्हाय. मी कशाला सांगू?"

पप्पांनी ग्राइंडरची पिन बोर्डातनं काढली.

नवा पाइप तात्यांनीच बसवला. जोड गळू नये म्हणून त्यावर सूत तीनदा गुंडाळलं, तीनदा सुटलं, चौथ्यांदा बसलं. सम्राट नुसता बॅटरी धरून उभा होता. मी वर जाऊन कॉक सोडला. शालूबाईंचा नळ आधी खोकला, मग लाल पाणी, मग नितळ.

त्यांनी तांब्या विसळून भरला आणि आमच्या दारातनं आत आणला. तात्यांनी एक घोट घेऊन तो पप्पांकडं दिला.

आमच्याच टाकीतलं पाणी ते. पण पप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि पाहुणा म्हणून कुणाच्या घरी गेल्यावर प्यावं तसं, उभ्याउभ्या सगळं प्याले.