डबीतला ढावलो

"मिने, पोळून राहिली गं ही! धर, धर!"

रुक्माबाईने मांडीवरची पत्र्याची डबी ओसरीवर भिरकावली आणि कानांवरचा मोठा हेडफोन ओढून काढला. मिना पिठाच्या हातांनी धावत आली. तिने झाकण उचकटलं, दोन्ही बॅटऱ्यांच्या टोप्या उपटल्या. जळका वास नाकात गेला आणि सगळं कळलं. आयसी गेली. आठ पायांचा तो एवढासा काळा तुकडा. त्याच्याच जोरावर मोबाईलचा बारीक आवाज मोठा होणार होता.

"काही ऐकू आलं का, याडी?" मिना सासूला याडीच म्हणे, म्हणजे आई.

"खरखर आली, मग गरम झालं." रुक्माबाई नेहमीसारखी ओरडून बोलत होती, स्वतःला ऐकू यावं एवढ्यासाठी. "शितल न्हाई आली."

"सकाळी तर बराबर चालत होती. तुमी उघडली होती का डबी?"

"मी काहून उघडू?" म्हणत रुक्माबाईने तोंड फिरवलं आणि नात आकांक्षा हिच्या तोंडातला मातीचा खडा काढायला घेतला.

शितल ही रुक्माबाईची लेक. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, आणि दोन वर्षांत ती तापाने गेली. लग्नाच्या दिवशी निघताना तिने ढावलो म्हटला होता. नवरी आपल्या एकेका माणसाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, शब्द तिथल्या तिथे सुचतील तसे. त्यांच्या बंजारा तांड्यात आईने गाऊनच उत्तर द्यायचं असे. आणि रुक्माबाई म्हणजे गळ्याची बाई. चार तांड्यांतून तिला गायला बोलावणं यायचं. पण त्या दिवशी वऱ्हाडाचा डीजे धडधडत होता, आणि रुक्माबाईचे कान तेव्हाच अधू झाले होते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लेक गळ्यात पडून गात होती, आणि आईला कळत होता तो फक्त कानाशी गरम श्वास. ती नुसती उभी राहिली. जीप गेल्यावर बाया म्हणाल्या, रुक्मा मुकी झाली.

मिनाच्या नवऱ्याने, कुलदीपने, ते मोबाईलवर घेतलं होतं. चार मिनिटं. काय म्हणाली ते सांगू का, असं किती जणींनी विचारलं. रुक्माबाईचं एकच. "दुसरीच्या तोंडून न्हाई. माझ्या गळ्यात पडली ती. मलाच ऐकू द्या."

शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन तिने आठवड्यात काढून ठेवलं. त्यातून गाणं लागलं की भांड्यांच्या मांडणीवर मांजर पडल्यागत वाटायचं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कान गेला. डाव्याचा दिवाळीनंतर भरवसा धरू नका. दसरा होऊन गेला होता. शिवारात सोयाबीनची मळणी लागली होती, आणि मिनाच्या जिवाला थारा नव्हता.

लग्नाआधी तिने हिंगोलीला आयटीआय केलं होतं, आणि दोन वर्षं सेनगावात मकबूलचाचांच्या दुकानात टीव्ही उघडले होते. हेडफोन त्यांनीच दिला, एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधला. कान पुरता झाकणारा, पण मोबाईलला लावला तर डास गुणगुणल्यासारखा. "इसकू धक्का होना," चाचा म्हणाले होते, म्हणजे मागून जोर हवा. म्हणून ही डबी. रुक्माबाईचीच, तंबाखूची; कुठंही घेऊन बसता यावी अशी. आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर, आणि डीजेची धडधड गाळून बाईचा गळा पुढे आणायला दोन छोटे कपॅसिटर.

लेकरू निजलं की मिना धान्याच्या कोठीवर पाट टाकून उभ्यानेच बसवाबसव करी. खाली, लेकराचा हात पोचेल तिथं, तापलेली सोल्डरिंग गन ठेवायची सोय नव्हती. एक पाय जोडावा, तोवर कुकरची शिट्टी व्हावी. दुसरा जोडावा, तोवर आकांक्षाने उठून भोकाड पसरावं. राहिलेल्या जोडाचा विचार तिला भाकरी थापतानाही सोडत नसे.

आणि तपासायचं म्हणजे ती चार मिनिटं स्वतःच ऐकायची. चाळीसेक वेळा ऐकलं असेल. शितल घरातल्या खुंटीला निरोप देत होती, शेळीला देत होती, पाण्याच्या घागरीला देत होती. मग आवाज फाटत होता. याडी, बोल की गं. याडी, एकदा तरी बोल की गं. चार वेळा. मग नुसता डीजे.

ते पहिल्यांदा लख्ख ऐकू आलं, त्या दुपारपासून मिनाचं चित्त उडालं होतं. हे म्हातारीच्या कानात घालायचं? आणि आज आयसी जळाली तेव्हा मेहनत वाया गेली खरी, पण कुठेतरी हायसंही वाटलं. त्याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीपच्या जीपमध्ये पुढे बसून, आकांक्षाला मांडीवर घेऊन ती सेनगावला निघाली.

"जळलं ते बरंच झालं म्हण," कुलदीप गिअर टाकत म्हणाला. "मी घेतलंय ना रेकॉर्डिंग, मला ठाऊक हाय त्यात काय हाय. याडीला सांगून टाकतो, दुरुस्त होत न्हाई म्हणून."

"सांगा," असं मिनाच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "पुढं बघा. ट्रॅक्टर येऊन राहिला."

मकबूलचाचांनी चष्मा कपाळावर चढवून डबी उघडली, सर्किटची पट्टी उचलली आणि खो खो हसायला लागले.

"ये कौनसी इंजिनियरिंग है बेटी?"

पट्टीच्या खाली, डबीच्या तळाला, लाल कापडाचा तुकडा नीट दुमडून बसवला होता. त्यावर आरसे, आणि आरशांच्या मधोमध टाचलेलं एक जुनं नाणं. सोल्डरच्या टोकांना ते नेमकं टेकलं होतं आणि शॉर्ट होऊन आयसी जळाली होती.

मिनाने तुकडा हातात घेतला. शितलच्या लग्नातली कांचळी, आरशांची चोळी. म्हातारीने ती पेटीतून काढून कातरली होती. लेकीचा आवाज उघड्या पत्र्यावर कसा ठेवायचा, म्हणून अंथरूण घातलं होतं.

चाचांनी तिचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं. नवी आयसी दिली, खाली घालायला ऑइलच्या डब्याचं प्लास्टिक कापून दिलं. "कपडा बाहर से लगा. अंदर करंट का घर है."

"चाचा, एखाद्याला ऐकून तकलीफच होणार असंल तर?"

"लोगां टीवी लाके बोलते, चाचा, सीरियल आने दो, बुरी खबर मत आने दो." त्यांनी सोल्डरचा धूर फुंकरला. "वैसा टीवी बनाना मेरेकू आजतक नहीं आया."

परत आल्यावर मिनाने तुकडा झाकणाला बाहेरून गोंदाने चिकटवला. रुक्माबाई दारातून बघत होती.

"सापडलं व्हय?"

मिनाने मान हलवली.

"माझ्यानंच जळलं?"

"व्हय."

"हसला असंल मेला मकबूल."

"लई हसला."

रुक्माबाईही जराशी हसली आणि हेडफोनकडे हात पुढे केला. मिनाने तो दिला नाही. ती सासूच्या डाव्या कानाशी वाकली आणि ओरडून म्हणाली, तिसऱ्या घरी ऐकू जावं एवढ्याने, "याडी, शेवटी ती तुमाला बोल म्हणून राहिली. चारदा. अन् तुमी बोलत न्हाई. तेबी ऐकू येईल."

रुक्माबाईने तिच्या हातातला हेडफोन घेऊन कानांवर चढवला.

"मी बोलले न्हाई, ते मला ठाऊकच हाय की," ती म्हणाली. "काय इचारलं तिनं, तेवढंच ठाऊक न्हाई. लाव."

दुपार टळत होती. लांब कुठेतरी मळणीयंत्र घरघरत होतं. मिनाने बटण फिरवलं, लाल दिवा लागला. रुक्माबाई ओसरीच्या खांबाशी उभी होती. आधी कपाळाला आठ्या पडल्या. मग तिची बोटं मांडीवर हळूच ताल धरू लागली. ती खुंटीकडे बघून हसली. मग गाण्यात शेळी आली असावी. "खादाड होती," ती मोठ्याने म्हणाली.

मग बोटं थांबली.

मिनाला बटण मागे फिरवावंसं वाटलं. तिने अंगठा बाजूला घेतला.

रुक्माबाईने खांबाला मिठी घातली. गळ्यात पडतात तशी, गाल टेकवून. आणि ती गायला लागली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, त्यामुळे सूर कुठल्या कुठे जात होता. चार तांड्यांत नावाजलेला गळा फाटक्या पत्र्यासारखा वाजत होता. बोलते गं बाई, ती गात होती, बोलते, ऐकलं गं मी. आकांक्षा खेळता खेळता आजीकडे बघत राहिली.

हेडफोनची वायर हातभरच होती. रुक्माबाई डोलत होती तशी मिनाही डबी दोन्ही हातांत धरून तिच्याबरोबर डोलत राहिली, वायरीला ओढ बसू नये म्हणून. रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं.