छत्तीसच्या पुढचे फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि माझ्यामुळे एका माणसाची मोटारसायकल गेली. चोरीला गेली नाही की दरीतही कोसळली नाही. ती कशी गेली हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण आता सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझं भिंग बसवलं, कुणी खटका. एका चष्मेवाल्या बाईने माझ्या पोटात फिल्म गुंडाळायची फिरकी बसवली. त्या फिरकीच्या खाचेत तांदळाच्या कणीएवढा दात असतो. फिल्मचं टोक त्यात अडकलं तरच फिल्म पुढे सरकते. नाहीतर खटका वाजतो, आकडा पुढे जातो आणि फोटो मात्र निघत नाही.

मला विकत घेतलं एका कुलूपवाल्याने. त्याच्या घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलीची आई लवकर गेली होती. आठवडाभर तो दुकानात किल्ल्या कानशीने घासत असे आणि रविवारी मोटारसायकल काढून डोंगराकडे जात असे. हिवाळ्यात बर्फ पडून घाट बंद होई. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी मला गळ्यात अडकवून पूर्ण एक रीळ संपवायचं, हा त्याचा नेम होता. ते छत्तीस फोटो दुकानात किल्ल्यांच्या वर दोरीला लागत. एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "कुलूप राहू द्या, हा डोंगर देता का?" अशी स्तुती ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढत असे.

वर्षं गेली. कुलूपवाल्याचे केस पिकले आणि चहाचा कप उचलताना बशी वाजू लागली. मुलगी आता दवाखान्यात परिचारिका होती. असे हात ती रोज बघत होती.

"बाबा, गाडी बंद करा आता," ती म्हणाली.

"कुलपं उघडतायत ना अजून या हातांनी? मग गाडीपण चालेल."

शेवटी असं ठरलं की यंदा घाट बंद होण्याआधी ती त्याच्या मागे बसून येईल, आणि आल्यावर ती सांगेल ते तो ऐकेल.

त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने माझं झाकण उघडलं. मुलगी पुढे झाली, पण त्याने तिला हातानेच थांबवलं. फिल्मचं टोक त्याने खाचेत बसवलं, अगदी जिथे बसायला हवं तिथे. दात नाजूक असतो हे त्याला कोण शिकवणार? त्याने झाकण लावलं, फिल्म सरकवायची दांडी ओढली, आणि माझ्या पोटात टोक अलगद निसटलं. माझा दात झिजून गुळगुळीत झाला होता. मित्रांनो, मला ते कळलं. मी अडून बसलो असतो, तर त्याने झाकण उघडून पाहिलं असतं. पण मला लाज वाटली. मी नेहमीसारखा वाजत राहिलो.

काय दिवस होता तो! गवत पिवळंधमक झालं होतं. तळ्यावर धुकं होतं आणि त्यातून एका होडीचं फक्त टोक दिसत होतं. प्रत्येक वळणावर तो बेताने वेग कमी करी, गाडी कडेला घेई, इंजिन बंद करी आणि मग मला डोळ्याला लावी. हेल्मेटने केस चपटे झालेल्या मुलीचाही त्याने एक फोटो काढला. घाटमाथ्यावर रस्त्याचे कामगार हिवाळ्यात घाट बंद करायच्या फाटकाला रंग देत होते, त्यांचाही काढला.

"छत्तीस झाले," तो म्हणाला. "अरे, सदतीस. अडतीस! म्हातारपणी हात सैल झालाय बघ या कॅमेऱ्याचा."

दोघं हसली. रिकाम्या पोटी मी उदार झालो होतो आणि ते माझं कौतुक करत होते.

उतरताना चहाच्या टपरीवर मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षीपण तुम्हीच चालवा. मी मागे बसेन." कप ठेवताना त्याची बशी वाजली नाही.

चार दिवसांनी ते दोघं मला घेऊन फोटोवाल्याकडे गेले. त्याने धुतलेली फिल्म उजेडात धरली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी होती.

"काका, फिल्म अडकलीच नव्हती. भरताना टोक निसटलं असणार."

घरी आल्यावर कुलूपवाल्याने गाडीची किल्ली माझ्या शेजारी ठेवली. "ज्या हातांना एवढंसं टोक धरवत नाही, ते ब्रेक काय धरणार? देऊन टाक कुणाला तरी."

मुलीने किल्ली उचलून खणात ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि चोर टेबलावर आरामात बसला होता. मला काय वाटलं सांगू? आपलं नाव आलं नाही म्हणून मला हायसं वाटलं.

घाट उघडायच्या आत मोटारसायकल गेली. मी कपाटात गेलो. दोन वर्षांनी माझ्या भिंगावर बुरशी आली, तेव्हा मुलगी मला दुरुस्तीला घेऊन गेली. कारागिराने झाकण उघडलं आणि तिला जवळ बोलावलं. "हा दात बघा, पार झिजलाय. कुणीही फिल्म भरली असती तरी निसटलीच असती." तिने बोटाने तो दात चाचपून पाहिला आणि नवा बसवायला सांगितलं.

घरी येऊन तिने बापाला सगळं सांगितलं. "आणि बाबा, त्या दिवशी तुम्ही किल्ली ठेवलीत, तेव्हा मला बरं वाटलं होतं. रोज धाकधूक असायची ना. म्हणून मी अडवलं नाही तुम्हाला."

त्याने एवढंच विचारलं, "घाटात कुठे भीती वाटली होती तुला?"

"एकाही वळणावर नाही."

तो आपले तळवे उलटसुलट करून बघत राहिला. माझा दात नवा बसला होता. मुलीने मला आणि नवी फिल्म त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोन्ही तिच्याकडे सरकवली.

"तूच भर. आता मला खात्री राहिली नाही."

दात नवा मिळतो, मित्रांनो. माझी एवढीच विनवणी आहे, की घरातल्या वस्तू अधूनमधून उघडून बघत जा, आणि काही बिघडलं, तर म्हाताऱ्या हातांकडे बघण्याआधी आमचं झाकण उघडा. आम्ही आपणहून कबुली देत नाही.