हळद लागलेली हातकडी

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी हातकडी आहे. घाटमाथ्यावरच्या एका पोलीस चौकीत खिळ्याला लटकून माझं म्हातारपण चाललं आहे. लोक मला बेडी म्हणतात आणि मला बघताच आपापले हात पाठीमागे नेतात. नेऊ देत बापडे! पण तुम्ही जरा जवळ या आणि माझ्या बिजागरीत डोकावून बघा. पिवळं दिसतंय ना? तो गंज नव्हे बरं का. ती हळद आहे, चांगली लग्नातली हळद. सगळ्या जिल्ह्यात हळद लागलेली हातकडी मी एकटीच असेन, म्हणून थोडा तोरा मिरवते. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. भट्टीत तापले, घणाखाली रडले आणि शेवटी अशी काही चकाकले की माझी मलाच भूल पडली. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हा गवतात गुंडाळून मला या चौकीत आणलं. इथं माझी गाठ अंबाजी हवालदारांशी पडली. गोल पोट, झुपकेदार मिशा आणि बोलण्याआधी हसू. रोज सकाळी ते मला फडक्यानं पुसायचे आणि चहा थंड करून घ्यायचे.

कामाला मी पक्की. स्टेशनावरचे खिसेकापू धरले, कोंबडीचोर धरले. चिक्कीचे डबे पळवणारा एकजण तर असा चिकट होता की त्याला मी धरलं की त्यानं मला, हेच कळेना. साहेब लोक माझं कुलूप वाजवून म्हणायचे, "माल अस्सल आहे." मित्रांनो, माणसाच्या मनातलं मला काही कळत नाही. मला फक्त मनगट कळतं. चोराचं मनगट सारखं वळवळतं, वाट शोधतं. एवढा माझा अनुभव.

आणि मग एका उन्हाळ्यात कान्हूचं मनगट आलं. ते वळवळेचना! देवाच्या पारावर हात टेकावा तसा तो माझ्यात हात ठेवून बसला.

हा कान्हू लोहगडाच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. त्या वाडीत गुरं राखायची पाळी असते. आज या घराची, उद्या त्या घराची. ज्याची पाळी, त्याच्या डोक्यावर सगळी गुरं. गुराला काटा लागला तरी तोच जबाबदार, आणि जनावर हरवलं तर भरपाई त्यानंच करायची. तिथं कुणी कारणं सांगत नाही. 'पाळी माझी होती' एवढं म्हटलं की वाद मिटला.

खालच्या गावच्या भिमाजीनं आपला नवा बैल वाडीवर चरायला ठेवला होता. कान्हूच्या पाळीत तो बैल हरवला. कान्हूनं सगळं रान पालथं घातलं, पण बैल काही दिसला नाही. तेव्हा कान्हूची आई, कमळाबाई, घरातली एकुलती एक कालवड घेऊन भिमाजीच्या दारात उभी राहिली. वाडीच्या रीतीप्रमाणे तो विषय तिथंच संपायला हवा होता. पण भिमाजी पडला खालच्या गावचा. त्याला वाटलं, ज्यानं चोरी केली नाही तो भरपाई कशाला आणील? त्यानं कालवड ठेवून घेतली आणि वर चौकीत जाऊन चोरीची फिर्याद दिली.

फौजदारांनी कान्हूला विचारलं, बैल तुझ्याकडून गेला का? कान्हू म्हणाला, व्हय. मग गुन्हा तुझा ना? व्हय, माझाच. झालं! फौजदार खूश. इतका सरळ आरोपी त्यांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. पोराला कोठडीत टाकलं. आणि वाडीत त्याच्या लग्नाचा मांडव घातला होता! नवरी शालन शेजारच्या वाडीची. शिक्षा झाली असती तर लग्न मोडलंच असतं, आणि चोराचं घर म्हणून त्या घराकडे पुढे कुणी फिरकलं नसतं.

कोर्टाची तारीख नेमकी हळदीच्या दिवशी आली. सकाळी फौजदारांनी स्वतः माझं एक कडं कान्हूच्या हातात अडकवलं आणि दुसरं अंबाजींच्या. मग सवयीनं किल्ली टाकली टेबलाच्या खणात, खणाला लावलं कुलूप, कुलपाची किल्ली खिशात घातली आणि गेले निघून पुण्याला! अंबाजींच्या हे ध्यानात आलं ते कोर्टात.

न्यायाधीशसाहेब म्हणाले, याची हातकडी काढा. किल्ली चौकीत राहिली, असं अंबाजी पुटपुटले. मग काय करता, आरोपीच्या पिंजऱ्यात आरोपीही उभा आणि हवालदारही उभा. कोर्टात खसखस पिकली. मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या कमळाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर कान्हू लगेच व्हय म्हणाला. साहेबांनी पेन उचललं. माझ्या पोलादाला घाम फुटायचा तेवढा बाकी राहिला. अहो, हे मनगट चोराचं नाही हो, पण मला जीभ कुठाय! आणि काय सांगू, साहेबांनी ते पेन तसंच खाली ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पोराकडे नीट बघितलं आणि आणखी एक प्रश्न विचारला.

"बैल कुठं विकलास?"

"इकला न्हाई, साहेब. हारावला."

"अरे, मग गुन्हा कबूल कशाला करतोस?"

"पाळी माजी व्हती, साहेब. दुसऱ्याचं नाव कसं घिऊ?"

साहेबांनी पाळी म्हणजे काय ते कमळाबाईंना पुढे बोलावून विचारून घेतलं, मग कालवडीबद्दल भिमाजीला विचारलं. भिमाजी चाचरत सगळं बोलला. साहेब म्हणाले, हरवणं वेगळं आणि चोरणं वेगळं. कायद्यात शिक्षा चोरीला आहे, आणि ती कुणी केल्याचा इथं काहीच पुरावा नाही. त्यांनी कान्हूला सोडून दिलं. त्याचं मनगट तेव्हा पहिल्यांदा थरथरलं, आणि खरं सांगते, मलाही फार फार आनंद झाला.

पण सुटला तरी अडकलेलाच! अंबाजी हात जोडायला गेले, तर कान्हूचाही हात वर आला. फौजदार उद्या संध्याकाळी येतील, किल्ली मिळेपर्यंत याला चौकीत नेतो, असं ते म्हणाले. साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"तो आता मोकळा माणूस आहे, हवालदार. तो तुमच्याबरोबर येणार नाही. तुम्ही त्याच्याबरोबर जा."

मित्रांनो, असा हुकूम मी पुन्हा कधी ऐकला नाही.

मग काय, निघाली वरात! मळवलीला गाडीतून उतरून डोंगराची वाट धरली. पुढे कमळाबाई, मागे नवरदेव आणि त्याला बांधलेले हवालदार धापा टाकत. वाडीत बायकांनी आधी रडून घेतलं, मग अंबाजींकडे बघून तोंडाला पदर लावले. एका मांडवात दोन नवरदेव! पाटावर एकाला बसवायचं तर दुसऱ्यालाही बसावंच लागलं. माझं लग्न झालंय, घरी दोन पोरं आहेत, असं अंबाजी कळवळून सांगत होते.

कमळाबाईंनी हळदीची वाटी उचलली.

"माज्या पोराला एकट्याला कोर्टात उभं न्हाई केलं ह्या भावानं. संगं उभा ऱ्हायला. लावा गं ह्याला बी."

आणि लावली की हो! गालाला, मिशांना, हाताला. तेलात कालवलेली ती हळद माझ्या अंगावरून ओघळली, बिजागरीत शिरली. कोठडीतल्या भाकरीनं कान्हूचा हात आधीच बारीक झाला होता. कुणीतरी आणखी तेल ओतलं, त्यानं अंगठा आत वळवला आणि सुळकन हात बाहेर! कारखान्यापासून माझी एकच शिकवण, हातातला हात सोडायचा नाही. पण तो हात सोडताना मला जे सुख झालं ते धरताना कधी झालं नव्हतं. अंबाजींचा गुबगुबीत हात मात्र निघेना. ते रात्रभर माझ्यासकट नाचले.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडत असताना भिमाजी आला. एका हाताला कालवड, दुसऱ्या हाताला बैल! तो बैल मूळचा वराळे गावचा. सवयीनं चालत जुन्या मालकाच्या, धोंडिबाच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला होता. कुणी विचारायला येईल म्हणून धोंडिबा त्याला वैरण घालत बसला होता, आणि कोर्टातून निघालेला भिमाजी शेवटी तिथं विचारायला गेला. भिमाजीनं कालवड मांडवाच्या खांबाला बांधली आणि पंगतीत वाढायला लागला.

फौजदारांनी मला राखेनं घासायला लावलं, तरी बिजागरीतली हळद काही निघाली नाही. दरवर्षी कान्हू आणि शालन चौकीत करवंदं आणून द्यायचे. अंबाजी तर पार बदलले. कुणाला मला घालायच्या आधी ते विचारायचे, "तू केलंस, का तुझ्या पाळीत झालं?" आणि उत्तर पुरतं ऐकेपर्यंत मला कमरेवरून काढत नसत.

अंबाजी पेन्शनीत गेले त्याला आता कैक वर्षं झाली. मला कुणी तेल देत नाही, खरा गंजही चढू लागला आहे. मित्रांनो, तुमच्यातला कुणी मोठेपणी पोलीस होईल, कुणी न्यायाधीश. मला अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या. आणि एवढं लक्षात ठेवा, मला लावायला एक टिचकी पुरते, काढायला मात्र कधीकधी अख्खा मांडव लागतो. म्हणून ती टिचकी मारण्याआधी समोरच्याला आणखी एक प्रश्न विचारा.