सकाळी नऊची वेळ

वाऱ्याचं वेळापत्रक लॉर्ना टिबेट्सला वेंडेलकाकांनी शिकवलं होतं. शाळेत असताना ती त्यांच्या गोठ्यात कामाला जायची. तेव्हा ते म्हणाले होते, "सकाळी वारा नदीकडे जातो, पोरी. दोननंतर फिरतो आणि बटाट्याच्या शेतावर येतो. दोरीवरचे कपडे त्याआधी काढ, नाहीतर उद्या वर्गात तुझ्याशेजारी कुणी बसणार नाही."

वीस वर्षांनी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, कॅलिफोर्नियातली घरं विकून माणसं येऊ लागली. पैसेवाली, डोंगर दिसला की हरखणारी. बटाट्याच्या शेतावर साठ घरं उठली आणि त्यातली एक्केचाळीस घरांची दलाल झालेल्या लॉर्नाने विकली. सगळी सकाळी नऊला दाखवून. कुणी दुपारची वेळ मागितली की तिला नेमकं दातांच्या डॉक्टरकडे जायचं असायचं. "एवढे दात आहेत तरी किती तुला?" असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं. शेजारी गोठा असल्याचं एक वाक्य कागदपत्रांत होतं. त्याखाली सही घेताना ती शाळा किती जवळ आहे ते सांगत असे.

आज काउंटीच्या सभागृहात, नव्या घरांतून वासाच्या तक्रारी आल्यामुळे, गोठ्याचा परवाना पुढे चालू ठेवायचा की नाही, ते ठरणार होतं. लॉर्ना शेवटच्या रांगेत बसली होती. बोलायचं असेल तर नाव लिहून द्यायची चिठ्ठी तिने दारातच भरली होती. ती तिच्या मुठीतच होती.

"घर बघायला आम्ही चारदा आलो," डेनिस फॅरो माइकवर म्हणाली. लॉर्नाचंच गिऱ्हाईक. "चारही वेळा वासाचा पत्ता नव्हता! यांनी नंतर गाई वाढवल्या, दुसरं काय?"

टाळ्या पडल्या. वेंडेलकाका टोपी हातात घेऊन उठले.

"गाई दोनशे ऐंशी. तेव्हाही आणि आजही."

"मग तेव्हा वास कसा नव्हता?" अध्यक्षांनी विचारलं.

काकांनी मागे वळून थेट लॉर्नाकडे बघितलं. रोज सकाळी नऊला गिऱ्हाईक घेऊन त्यांच्या फाटकावरून जाताना ती हॉर्न वाजवायची, ते ट्रॅक्टरवरून हात करायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं. तिने उठून एक वाक्य बोलायचा अवकाश, गोठा वाचला असता. पण मग एक्केचाळीस घरं तिच्या उरावर बसली असती आणि धंदाही गेला असता.

"वाऱ्याचं काय सांगावं, साहेब," काका म्हणाले आणि खाली बसले.

"आणखी कुणाला बोलायचंय?"

शेण गाईंनी टाकलं होतं, खाल्लं मात्र आपण, हे लॉर्नाला लख्ख कळत होतं. तरी ती उठली नाही. दोन विरुद्ध एक मतांनी परवाना गेला. गाई मेअखेर हलवायच्या होत्या.

बाहेर काका आपल्या पिकअपचं दार उघडत होते. ती धावत गेली.

"काका, मी आत बोलायला..."

"असू दे." त्यांनी जुडग्यातली फाटकाची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. त्याच मुठीत ती चिठ्ठी होती, घामाने भिजलेली. "गाई गेल्या की जमीन ठेवून काय करू? तूच विकायला काढ. तुझ्याएवढी माहिती कुणाला आहे?"

काकांनी गाडी सुरू केली आणि काच खाली घेतली.

"आणि पोरी, आता दुपारी दाखवलीस तरी चालेल."