सर उभे राहिले

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची ती सहायक कोच, आणि मुख्य कोच तिचा सख्खा मामा. घरी "मामा, तू" आणि कोर्टवर "सर, तुम्ही", अशी दोन तोंडं तिला रोज सांभाळावी लागत. आज दोन्ही कोरडी पडली होती.

कारण मामाची नेमणूक वर्षावर्षाची होती. पुढच्या वर्षी त्याला ठेवायचं की त्याच्या जागी टायवाल्याला आणायचं, ते आजची मॅच बघून ठरणार होतं. टायवाला म्हणजे पलीकडच्या कॉलेजचा कोच. टाय लावून तो कोर्टच्या कडेनं येरझाऱ्या घालायचा, खेळाडूंवर, पंचांवर, पाणी आणून देणाऱ्यावर सारख्याच मायेनं ओरडायचा आणि वर्षाच्या शेवटी कप घेऊन जायचा. मामाकडे टाय नव्हता, ओरडणं नव्हतं आणि कपही बेताचेच होते. मॅच सुरू झाली की तो बाकावर हाताची घडी घालून बसायचा. जे काय बोलायचं ते सरावात बोलून झालेलं असायचं. टाइमआउट हवा आहे की नाही, हेसुद्धा कॅप्टन ठरवायची. मुली मागून त्याला मौनीबाबा म्हणायच्या आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

निवड करणारी माणसं दोन. प्राचार्यांचा विषय रसायनशास्त्र, खजिनदारांचा विषय काटकसर. बास्केटबॉलशी दोघांचा संबंध बक्षीस समारंभापुरता. पण माणूस कसा पारखायचा हे त्यांना शिकवणार कोण? सकाळी त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं.

"तुम्ही रोज बघता म्हणून विचारतो," खजिनदार म्हणाले. "मॅच चालू असताना हे गृहस्थ नेमकं करतात काय?"

"ते... बसतात," ती म्हणाली.

खजिनदारांनी प्राचार्यांकडे बघितलं. बाहेर आल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. इतक्या वर्षांची त्या माणसाची मेहनत, आणि भाचीनं ती एका शब्दात निकालात काढली होती. वय असं, की दुसरं कुठलं कॉलेज त्याला दारात उभं करणार नाही. कोर्ट सुटलं तर हा घरात आठवडाभरही टिकायचा नाही, असं आई तिच्या या भावाबद्दल नेहमी म्हणायची, आणि आई उगाच काही बोलत नसे.

ती तडक सामानाच्या खोलीत गेली. मामा स्टुलावर बसून चेंडूत हवा भरत होता.

"मामा, आज निदान उभा तरी राहा. थोडं ओरड. हातवारे कर."

"कशासाठी?"

"त्यांना दिसायला हवं ना, की तू काहीतरी करतोयस. तू बसून राहिलास की त्यांना वाटतं, फुकटचा बाक अडवलाय."

मामानं चेंडू आपटून बघितला, पुन्हा पंप लावला. "पोरींना सवय नाही गं त्याची. गोंधळतील."

"एक दिवस गोंधळल्या तर काय बिघडतंय? तुझी नोकरी जातेय, मामा. आईनं सकाळपासून घास खाल्ला नाहीये."

शेवटचं वाक्य ही थाप होती. आईला अजून काहीच माहीत नव्हतं. पण ताईचं नाव निघालं की मामाचा विरोध संपतो, हे ती लहानपणापासून जाणून होती. त्यानं पंप काढून बाजूला ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "तू खूण कर. मी उठेन."

मॅच सुरू झाली. दोघांची समिती समोरच्या रांगेत, गादीच्या खुर्च्यांवर. मुली छान खेळत होत्या. चेंडू या हातातून त्या हातात असा फिरत होता की समोरच्या संघाची नुसती पळापळ चालली होती. हाफटाइमपर्यंत आपल्या संघानं चांगली आघाडी घेतली. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. हिचा जीव मात्र टांगणीला लागलेला. दुसरा हाफ सुरू झाला तरी प्राचार्य घड्याळच बघत होते. खजिनदारांनी जांभई दिली, ती आवरलीही नाही, आणि मग बाकावरच्या मामाकडे बोट करून ते प्राचार्यांच्या कानात काहीतरी बोलले. प्राचार्यांनी मान हलवली. झालं, तिला वाटलं, गेली नोकरी.

तिनं मामाच्या कोपराला ढोसलं.

मामा उठला. "मागे या!" तो ओरडला. "मागे, मागे!" आवाज त्यालाही परका वाटला असावा, कारण पहिल्याच शब्दाला तो चिरकला.

आणि कोर्टवरच्या पाचही जणी जागच्या जागी थांबल्या.

चेंडू एकीच्या खांद्याला लागून निसटला. समोरच्या मुलींनी तो उचलला आणि सावकाश जाऊन बास्केट केली. तरी या पाचजणी एकमेकींच्या पायांकडे बघत उभ्या. तेव्हा तिला आठवलं. गेल्या वर्षी एकीचा घोटा मुरगळला होता. बाकीच्या खेळाच्या नादात धावत राहिल्या होत्या. तेव्हापासून मामानं नियम घालून दिला होता: मी उभा राहिलो, याचा अर्थ कुणाला तरी लागलंय. सगळं सोडून थांबायचं आणि आधी तिच्याकडे बघायचं. हा नियम मुलींना पाठ होता, तिलाही पाठ होता. धास्तीनं आज तेवढाच नेमका डोक्यातून गेला होता.

आता मामाला खाली बसवावं, तर प्राचार्य पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बघत होते. तिनं पुन्हा खूण केली. देवा, एवढी मॅच निभावून ने, असं म्हणत ती खुणा करतच राहिली. मामा ओरडत राहिला. मुली खेळल्या, पण प्रत्येकीचा एक डोळा बाकाकडे. पास हुकू लागले, आघाडी वितळली, आणि शेवटच्या शिट्टीला संघ एका बास्केटनं हरला.

मॅचनंतर प्राचार्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"हरलो ते हरलो," प्राचार्य म्हणाले. "पण आज कोच दिसले. काय तळमळ होती! दर मॅचला असे उभे राहणार असतील, तर आमची हरकत नाही. नेमणूक पुढे चालू."

"आम्ही त्यांना उगाच थंड समजत होतो," खजिनदार म्हणाले.

तिच्या जिवात जीव आला. ती धावतच मुलींच्या खोलीकडे निघाली. दार उघडं होतं. मुली जमिनीवर बसल्या होत्या, मामा बाकावर. मॅचनंतर तो प्रत्येकीला विचारायचा, तुला काय दिसलं, आणि मुली सांगायच्या. आज मात्र कॅप्टनच त्याला विचारत होती.

"सर, कोणाला लागलं होतं?"

"कोणालाच नाही."

"मग तुम्ही उभे का राहिलात?"

ती दारातच थबकली. मामानं एकदा तिच्याकडे बघितलं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण तो कॅप्टनकडे वळला.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "आजची मॅच माझ्यामुळे गेली. तुम्ही नियम पाळलात, मी मोडला."

कॅप्टननं थोडा विचार केला. "पुन्हा नका करू, सर," ती म्हणाली, आणि मामानं मान डोलावली.

नोकरीची बातमी तिनं सांगितलीच नाही. तिला इतकी लाज वाटली, की ती आल्या पावली परत फिरली. प्राचार्य आणि खजिनदार निघायच्या तयारीत होते.

"ते ओरडणं मी करायला लावलं होतं," दारातूनच ती म्हणाली. "त्यानंच आपण हरलो. ते पुन्हा उभे राहणार नाहीत."

"मग करतात काय ते?" खजिनदारांनी पुन्हा तेच विचारलं.

"हरल्यावर त्यांच्या पोरी त्यांना विचारू शकतात, की सर, तुमचं काय चुकलं. आणि ते सांगतात. टायवाल्याच्या एका तरी पोरीनं त्याला असं विचारलंय का, जाऊन बघा. मला तरी चांगला कोच यावरूनच ओळखता येतो."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "तुम्ही विचार करून बोलताय ना? आमची अट तुम्हाला माहीत आहे. नेमणूक जाईल."

"विचार करूनच बोलतेय," ती म्हणाली. मुळीच केला नव्हता. तरी शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

ती मुलींच्या खोलीत परतली तेव्हा सगळ्या अजून तिथेच होत्या.

"मामा," सगळ्यांदेखत तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझी नोकरी मी घालवली."

मुलींनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. कुणी हसलं नाही.

"पूर्ण?" मामानं विचारलं.

"बहुतेक."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. ते तिला स्पष्ट दिसलं, आणि रडू फुटेल असं वाटलं. मग तो बाकावर जरा सरकला आणि त्यानं शेजारी जागा केली.

"बस. तुझी पाळी राहिलीय. शेवटच्या चेंडूला तुला काय दिसलं?"

ती बसली. तिनं आठवून बघितलं. चेंडू आठवेना, मुलीही आठवेनात. डोळ्यांसमोर आले ते गादीच्या खुर्चीत पुढे सरकलेले प्राचार्य.

"काहीच नाही," ती म्हणाली. "मी सगळा वेळ समितीकडे बघत होते."