हरकत नाही, एवढेच ऐकू गेले

मित्रांनो, आधी एक विनंती. मला टकटक करू नका आणि माझ्या तोंडावर फुंकर मारू नका. मी एक जुना माईक आहे, गरम चहा नाही. आयुष्यभर लोकांनी फुंकर मारूनच बोलायला सुरुवात केली आणि दर वेळी माझ्या डोक्यात वादळ घुसल्यासारखे झाले. आता मला कोणी फुंकर मारत नाही. खरे सांगू? आता त्या फुंकरीचीसुद्धा आठवण येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा आहे. समोर कोणी बोलले की तो थरथरतो आणि ती थरथर वायरीतून धावत स्पीकरपर्यंत जाते. झाले, एवढेच माझे शिक्षण! पण पहिल्याच परीक्षेत मी पास झालो. तपासणाऱ्या बाईंनी मला कानाला लावावे तसे जवळ धरले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ किती शहाणा आहे. तोंडासमोरचं तेवढंच ऐकतो. मागचा गोंगाट घेतच नाही." मी असा काही फुगलो म्हणता! तेव्हा कुठे माहीत होते, की याच शहाणपणाचे पुढे इतके वाईट वाटणार आहे.

मग मी एका वस्तीच्या सभागृहात आलो. तिथले हॉलवाले काका मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत. कोणी मला वायरीला धरून उचलले की ओरडत, "अहो, शेपटीला धरून मांजर उचलता का?" माझ्या आधीचा माईक पंख्याची घरघर, खुर्च्यांचा खरखराट, सगळेच ओढून घेई. मी आलो आणि लोक म्हणू लागले, "वा, आता कसं स्वच्छ ऐकू येतं!" निळी छत्री विसरल्याच्या सूचना, पाणी उशिरा येणार असल्याच्या सूचना, वक्तृत्व स्पर्धेत तिसऱ्याच वाक्याला विसरलेली भाषणे, सगळे मी मन लावून पोहोचवले.

पण माझा सगळ्यात लाडका कार्यक्रम होता पाळणाघराचा. वस्तीच्या टोकाला, मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या भिंतीला लागून, एक पाळणाघर होते. ते चालवणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत. मुलेही, मुलांचे आईबाबाही आणि हॉलवाले काकाही, जे वयाने त्यांच्यापेक्षा मोठे होते. वर्षातून एकदा मावशी सगळी पोरे घेऊन सभागृहात येत. कोणी मला चाटे, कोणी माझ्यात "आ" करून दात दाखवी. एकदा एक चिमुरडा गाणे म्हणायला उभा राहिला. सगळा हॉल कान टवकारून बसला. तो माझ्या अगदी जवळ आला आणि स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "मावशी, शू!"

हॉल हसून हसून लोळला. मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, "हरकत नाही राजा. जाऊन येऊ, मग गाऊ."

हा त्यांचा शब्दच होता. दूध सांडले, हरकत नाही. आईला न्यायला यायला उशीर झाला, हरकत नाही. भिंतीवर रंगीत खडूने हत्ती काढला, हरकत नाही, सोंड मात्र लांब काढ.

मग एके दिवशी सभागृहाच्या दारावर सूचना लागली. प्लांटमध्ये पाणी शुद्ध करून झाल्यावर जो गाळ उरतो, त्याचे उघड्यावर खत करून बघायचे ठरले होते. आधी चाचणी, जमले तर पुढे कायम. त्याला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या मंडळाचे साहेब लोकांचे म्हणणे ऐकायला येणार होते. ज्यांना हरकत असेल त्यांनी त्या दिवशी तोंडी किंवा लेखी सांगावी, असे त्यात लिहिले होते.

मित्रांनो, नाक मुरडू नका! तो गाळ काही आकाशातून पडत नाही. सकाळी उठल्यावर तुम्ही सगळेच त्याला आपापल्या घरून हातभार लावता. तो कुठेतरी न्यायला हवाच, हे मलाही कळते. मावशींनाही कळत होते.

म्हणून तर सुनावणीच्या दिवशी त्या लवकर आल्या. हॉल रिकामा होता. हॉलवाले काका खुर्च्या मांडत लांब होते. मावशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हळूच तालीम करू लागल्या.

"साहेब, खत करा, माझं ना नाही. फक्त दुपारी मुलं झोपतात तेवढा वेळ गाळ हलवू नका. आणि आमच्या बाजूला शेड घालायची आहे म्हणतात, ती आधी घाला, काम मग सुरू करा. घरभर पोरं आहेत माझ्याकडे. सगळ्यात धाकटं अजून रांगतंय. वास येतो म्हणून खिडक्या लावल्या तर उकडून निघतील हो ती."

एकदा त्या फार भरभर बोलल्या. दुसऱ्यांदा रांगणाऱ्या बाळापाशी अडखळल्या. तिसऱ्यांदा अगदी छान जमले आणि त्या स्वतःशीच हसल्या, "वेडीच आहे मी. बंद माईकशी बोलतेय!"

मी बंद होतो हे खरे. पण बंद माईकलाही ऐकू येते. फक्त पुढे पाठवता येत नाही.

सुनावणी सुरू झाली. साहेबांचा आवाज मुळातच दणदणीत. "मला माईक नको, लोकांना द्या," असे म्हणून ते लांब टेबलामागे बसले. त्यांच्या शेजारी प्लांटच्या इंजिनिअरताई होत्या. त्यांनी आधी माझ्यासमोर येऊन सगळे नीट समजावून सांगितले. बोलणाऱ्यांचे सगळे माझ्यातून यंत्रात साठवले जात होते, म्हणजे मंडळाच्या कचेरीत बसून पुन्हा ऐकता येईल.

घरांच्या किमती पडतील म्हणून एक जण बोलला. ट्रक दारावरून जातील म्हणून दुसरा बोलला. मग मावशी आल्या. त्यांनी माझा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"नमस्कार. मी पाळणाघर चालवते. आमची भिंत प्लांटच्या भिंतीला लागून आहे."

किती स्वच्छ आवाज! मी पुढच्या वाक्यासाठी जिवाचा कान करून थांबलो. इतक्यात मागून एक गृहस्थ उठले. वस्तीत त्यांना सगळे भाषणकाका म्हणत. "माझं आधी घ्या हो, मला दवाखान्यात जायचंय!"

साहेब लांबून म्हणाले, "ताई, या काकांना घाई आहे. त्यांचं आधी घेऊ का? तुमची काही हरकत?"

मावशी बाजूला सरकता सरकता सवयीने म्हणाल्या, "हरकत नाही."

मित्रांनो, आता नीट लक्ष द्या. साहेब लांब होते. भाषणकाका मागे होते. त्या दोघांचे मला ऐकू आले, पण यंत्रात मी काहीच पाठवले नाही, कारण मी तोंडासमोरचे तेवढेच पुढे पाठवतो. कारखान्यातल्या बाईंनी शाबासकी दिली होती ना, तसेच! यंत्रात साठले ते एवढेच: मी पाळणाघर चालवते, आमची भिंत प्लांटच्या भिंतीला लागून आहे, हरकत नाही.

त्या एका क्षणी मी खरखरलो असतो तर! कितीतरी माईक कितीतरी वेळा ऐन भाषणात कुंई करून किंचाळतात. मी एकदाही किंचाळलो नाही. ते दोन शब्द मी काचेसारखे स्वच्छ पोहोचवले.

भाषणकाकांचा दवाखाना बहुधा कधीच बंद होत नसावा. ते आपल्या लहानपणच्या नदीपासून जे सुरू झाले, ते नोकरी, बढती, गुडघे असे करत करत गाळापर्यंत पोहोचलेच नाहीत. मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मुलांना शेजारणीकडे सोपवून त्या आल्या होत्या आणि आईबाबांची न्यायला यायची वेळ झाली होती. शेवटी दारातून "आलेच" अशी खूण करून त्या गेल्या. खूण काही माझ्यातून जात नाही.

त्या धापा टाकत परत आल्या तेव्हा काका खुर्च्या एकावर एक रचत होते.

"संपलं?"

"संपलं की. तुम्ही बोललात ना मावशी?"

"कुठलं हो! नुसतं कोण ते सांगितलं." त्या खुर्चीवर टेकल्या. "जाऊ दे. एवढे लोक होते, मुलांचं कुणीतरी सांगितलंच असेल."

कोणीही सांगितले नव्हते. मला माहीत होते, कारण सगळे माझ्यातूनच गेले होते.

काही दिवसांनी परवानगीचा कागद दारावर लागला. मावशी वाचत आल्या आणि मधेच थांबल्या. "काका, इकडे या. हे काय लिहिलंय? भिंतीलगतच्या पाळणाघराची हरकत नाही? मी असं कधी म्हटलं?"

काकांनी यंत्र लावले. स्पीकरमधून मावशींचाच आवाज आला. तीन वाक्ये.

"अहो, ते मी थांबायला हरकत नाही म्हटलं होतं! भाषणकाकांना आधी बोलू द्यायला!"

"मला माहीत आहे हो," काका खाली बघत म्हणाले. "मी होतो ना इथे. पण यात तेवढंच आलंय."

मावशी मंडळाच्या कचेरीत जाऊन आल्या. तिथे त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले, की हरकतींची मुदत संपली आहे, चाचणी पुढे चालू ठेवायची वेळ आली की पुन्हा सुनावणी होईल, तेव्हा जरूर सांगा.

चाचणी सुरू झाली. मला नाक नाही, त्यामुळे वास कसा होता ते मी सांगू शकत नाही. पण माझ्यासमोर बोलायला येणारी माणसे श्वास अर्धाच घेऊ लागली, हे मला लगेच कळले. कोणी म्हणे, ओल्या मोज्यांत कोबी कुजवलाय जणू. वस्तीला तो वास अधूनमधून येई. पाळणाघराला रोज दुपारी, ऊन चढले आणि यंत्राने गाळ उलटायला घेतला की. शेडचे खांब उभे होते, छप्पर अजून यायचे होते. मावशी खिडक्या लावत, मग मुले घामाघूम होऊन उठत. उघडत, तर नाक धरून रडत.

एकदा त्या कार्यक्रमासाठी हॉलचे भाडे विचारायला आल्या आणि काकांपाशी बोलल्या. "कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं हो. कुणी म्हणतं, आजी आलीय सांभाळायला. कुणी म्हणतं, आम्ही घर बदलतोय. सगळे माझा हात हातात घेतात आणि पोराला घेऊन जातात."

त्या वर्षी पाळणाघराच्या कार्यक्रमाला तीन मुले होती. तिघांनी मिळून एकच गाणे म्हटले. मावशींनी टाळ्या इतक्या जोरात वाजवल्या की मला मावशींचीच काळजी वाटली. पुढच्या वर्षी कार्यक्रम झाला नाही.

मग सभागृहात कॉलरला अडकवायचा नवा माईक आला. तो उडदाच्या दाण्याएवढा! काकांनी मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले. नंतर काकाही काम सोडून गेले आणि ते फडके कोणीतरी फळा पुसायला नेले. आता माझ्या जाळीवर धूळ आहे. पण कपाटाचे दार नीट लागत नाही, म्हणून दुसरी सुनावणी मी ऐकली.

इंजिनिअरताई सांगत होत्या, छप्पर पूर्ण झाले आहे, वास बराच कमी आहे. आणि ते खरे होते. लोक पुन्हा पुरा श्वास घेऊन बोलत होते.

तेच साहेब दणदणीत आवाजात म्हणाले, "भिंतीजवळ शाळा, दवाखाना, पाळणाघर असं काही?"

"पाळणाघर होतं सर. आता नाही."

"मग तर सोपंच झालं."

मग इंजिनिअरताईंची पावले मागच्या रांगेकडे गेली. "मावशी, तुम्ही ना? त्या दिवशी तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. मी बघितलं होतं तुम्हाला दारातून जाताना."

"होतं गं. छप्पर आधी घाला आणि मुलं झोपली की गाळ हलवू नका, इतकंच."

"एवढंच?" ताईंचा आवाज एकदम लहान झाला. "अहो, ही तर साधी अट होती. त्याच दिवशी घालता आली असती. आत्ता बोलता का? मी माईक आणते."

"नको बाळा," मावशी म्हणाल्या. "ते मुलांसाठी होतं."

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असे माझ्यासारख्या सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. मला पुसून पुन्हा स्टेजवर ठेवा, असे मी म्हणणार नाही. त्या उडदाच्या दाण्याचे उत्तम चालले आहे. तुम्ही बोलणारी माणसे जपा. वर्गात, घरात, सभेत कोणी दुसऱ्यासाठी बाजूला सरकले, की त्याच्याकडे लक्ष ठेवा. मोठ्या आवाजाचे संपले, की लगेच वळून विचारा, "तुमचं राहिलं होतं ना? बोला." तो माणूस दाराकडे निघाला असेल तर उठून पळा आणि त्याला परत आणा. तुम्हाला पाय आहेत.